पाहणीच्या दिवशीची बाळंतीण

प्रसूतीच्या वेळी स्त्रीला किती सन्मान मिळतो, यावरून त्या समाजाची उंची मोजली जाते. हे वाक्य आमच्या भागातल्या एका रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे. त्याखाली एक बाण आहे आणि बाणाखाली लिहिलंय, 'नातेवाइकांनी येथे थुंकू नये. आढळल्यास बाहेर काढण्यात येईल.' थुंकणारे कधी आढळत नाहीत. बाहेर मात्र सगळ्यांनाच काढण्यात येतं.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. महाड आणि पोलादपूरच्या मधे ते कुठेही आहे असं समजा. उद्या आपल्याच घरातली एखादी बाई तिथं न्यायची वेळ येते, आणि तिथल्या मंडळींची स्मरणशक्ती चांगली आहे.

तर या रुग्णालयाला 'सन्मानपूर्वक मातृसेवा' असं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. त्यासाठी गुरुवारी वरून पाहणी पथक येणार होतं, आणि सोमवारपासून तालीम सुरू होती. तालीम म्हणायचं कारण असं की, खऱ्या बाळंतिणीवर कुणाचाच विश्वास नव्हता. ती काय बोलेल याचा नेम नसतो. म्हणून अधीक्षक डॉक्टर सकपाळांनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातली राजनंदिनी नावाची मुलगी निवडली. तिच्या गाऊनमध्ये एक उशी बांधली. आता एका बाळंतिणीला एक सोबतीण लागते. प्रमाणपत्राच्या यादीत तसं कलमच आहे: कळा देताना बाईच्या जवळ तिच्या विश्वासाची एक स्त्री असली पाहिजे. ही भूमिका प्रयागबाईंना देण्यात आली.

प्रयागबाई तिथं बावीस वर्षं आया आहेत. या बावीस वर्षांत त्यांनी जेवढ्या सोबतिणी लेबररूममधून बाहेर काढल्या, तेवढी माणसं एका एस. टी. डेपोतून दिवाळीत सुटत नसतील. त्यांना आता राजनंदिनीच्या पाठीवरून हात फिरवायचा होता आणि म्हणायचं होतं, "घाबरू नको ताई, मी आहे ना."

सोमवारी त्या म्हणाल्या, "गप पड गो."

"प्रयागबाई," डॉक्टर म्हणाले, "प्रेमानं."

"प्रेमानंच बोलले, साहेब."

मंगळवारी त्या "घाबरू नको"पर्यंत पोचल्या. बुधवारी 'ताई' आलं, पण ते दात आवळून आलं. राजनंदिनीनं आपला संवाद पहिल्याच दिवशी पाठ केला होता: "मला इथं खूप सन्मानपूर्वक वाटतंय."

एमआयडीसीतल्या कुणा भल्या माणसानं रुग्णालयाला एक मोठा निळा चेंडू भेट दिला होता. कळा देणाऱ्या बाईनं त्यावर बसून हलकं डोलायचं असतं म्हणे. तो दोन वर्षं खोक्यात होता. तो फुगवण्यात आला, त्याला हळदकुंकू वाहण्यात आलं, आणि लाल रिबिनीनं लेबररूमबाहेरच्या एका टेबलावर बांधून ठेवण्यात आला. लेबररूममधल्या खाटांना पडदे नव्हते. ते महाडच्या बाजारपेठेतल्या अनिल डेकोरेटरकडून आणले. गुलाबी सॅटिनचे, सोनेरी झालरीचे, आदल्या रविवारी एका साखरपुड्यात वापरलेले. नायलॉनच्या दोऱ्यांनी ते बांधून झाल्यावर लेबररूम अशी दिसू लागली की, आत नवरानवरी बसलेत आणि फोटोग्राफर यायचा आहे.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सारिका आली.

सारिका पोलादपूरच्या वरच्या एका वाडीवरची. नवरा दीपेश घाटकोपरला कुरियरच्या गोदामात. सोबत सासू, ठमाबाई. वाडीवरून खाली रस्त्यापर्यंत चालत आणि तिथून जीपनं, असा प्रवास करून दोघी आल्या होत्या. सारिकाचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, ती याच इमारतीत बाळंत झाली होती. तेव्हा ठमाबाईंना दाराबाहेरच्या बाकावर सात तास बसवलं होतं. आत सारिका पाणी मागत होती आणि ठमाबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मधे दार होतं आणि दारात प्रयागबाई. आत सारिका ओरडली की मांडीवर चापट बसे आणि प्रयागबाई म्हणत, "तेव्हा नाय ओरडलीस ती? आता गप." पोरगा सुखरूप झाला. सुखरूप झाला की पुढचं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

सारिकानं मात्र या वेळी सासूला आधीच सांगून ठेवलं होतं. "आये, तू आत येणार असशील तर मी जाते. नायतर मी इथंच, गोठ्यात बाळंत होईन."

"येईन गो. भिंतीवर लिवलंय ना त्यांनी? आशाताईनं वाचून दाखवलंन."

भिंतीवर खरोखरच लिहिलं होतं: 'आपल्यासोबत एक स्त्री नातेवाईक राहू शकते.' ठमाबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास होता.

इन्चार्ज सिस्टरनी दोघींना दारातच अडवलं. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. त्यांनी त्या दिवशी नवी इस्त्री केली होती, कपड्यांना आणि बहुधा चेहऱ्यालाही.

"आजच यायचं होतं तुम्हाला?"

"मी नाय ठरवलं, बाय," ठमाबाई म्हणाल्या. "आतल्यानं ठरवलंन."

"आज पाहणी आहे. अलिबागला जा."

"जातो. गाडी द्या."

गाडी नव्हती. पाहणी पथक सकाळीच सव गावचे गरम पाण्याचे झरे बघायला गेलं होतं आणि बाळंतिणींची रुग्णवाहिका त्यांना आणायला गेली होती. मोठ्या सिस्टरनी सारिकाकडे एकदा पाहिलं, पोटाला हात न लावता, आणि म्हणाल्या, "अजून पुष्कळ वेळ आहे."

"सिस्टर, दुसरी वेळ आहे तिची," सलोनी मधेच बोलली. सलोनी तिथली कंत्राटी नर्स. "दुसऱ्या वेळी पटकन होतं."

"सलोनी, तुझी ऑर्डर कधी संपते गं?"

"मार्चमध्ये."

"मग?"

सलोनी पुन्हा हातमोजे मोजू लागली.

लेबररूमच्या शेजारी कपड्यांची खोली आहे. जुन्या चादरी, मोडका स्टँड, गंजलेलं टेबल, आणि पाहणीत दिसू नये असं सगळं त्यात कोंबलेलं होतं. सारिकाला त्यात नेण्यात आलं. "एक तासभर इथं बस. आवाज करू नकोस. पथक गेलं की घेऊ तुला."

"आयेला आत येऊ दे."

"इथं दोघींना जागा कुठाय?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावलं. मग त्यांच्या मनात आलं की पाहणीवाल्यांनी चुकून उघडलं तर? म्हणून त्यांनी बाहेरून कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या जुडग्यात अडकवली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या मनात पाहणी होती.

ठमाबाईंना बाकावर बसवलं. तोच बाक. समोर भिंतीवर स्त्री नातेवाइकाचं ते वाक्य.

साडेदहाला पथक आलं. एक बाई आणि एक साहेब. बाई प्रश्न विचारत आणि साहेब हातातल्या टॅबवर बरोबरच्या खुणा करत. केस अजून ओले होते, चेहरे प्रसन्न होते. डॉक्टर सकपाळांनी गुच्छ दिले. मग सगळे लेबररूममध्ये गेले.

"कसं वाटतंय ताई?" बाईंनी राजनंदिनीला विचारलं.

"मला इथं खूप सन्मानपूर्वक वाटतंय."

"कळा केव्हापासून आहेत?"

हे तालमीत नव्हतं. राजनंदिनीनं आठवून खरं ते सांगितलं. "सोमवारपासून."

"सौम्य कळा," डॉक्टर सकपाळ म्हणाले. साहेबांनी खूण केली.

"आणि या?"

"तिच्या सासूबाई," डॉक्टर म्हणाले. प्रयागबाईंनी राजनंदिनीच्या पाठीवरून हात फिरवला. वीस मिनिटांत पाठ लाल झाली, पण सन्मान कमी पडू दिला नाही.

इकडे बाकावर ठमाबाई भिंतीपलीकडचं ऐकत होत्या. दाराला कान लावायची गरज नव्हती. खोलीतून आवाज येत नव्हता, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. कळा देणारी बाई गप्प आहे म्हणजे काहीतरी अडलंय. वाडीवर बाई अडली की काय करायचं ते ठरलेलं असतं. घरात कुठे गाठ ठेवायची नाही. केस सोडायचे, पदराची गाठ सोडायची, कणगीचं बंधन सोडायचं, गुरांची दावी सोडायची, कुलूप असेल ते काढायचं. सगळं सुटलं की पोर सुटतं. दीपेशच्या वेळी म्हशी सोडल्या होत्या, त्या दोन दिवस रानात होत्या. दीपेश अर्ध्या तासात झाला. म्हशींचा हिशेब कुणी धरला नाही.

ठमाबाईंनी आधी आपला अंबाडा सोडला. मग पदराच्या टोकाची सुपारीची गाठ सोडली. मग पिशवीचे बंद. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या रुग्णालयात आज जिकडे पाहावं तिकडे गाठीच आहेत. लेबररूमच्या दाराला लाल फीत बांधली होती, साहेबांनी ती अर्धवट कापली होती. ती त्यांनी सोडली. फुलांच्या माळांच्या गाठी सोडल्या. फायलींचा गठ्ठा सोडला. टेबलावरच्या चेंडूची रिबीन सोडली. चेंडू टेबलावरून उतरला, भिंतीला लागला, आणि उतार असेल तिकडे, म्हणजे थेट लेबररूममध्ये, हळदकुंकवासकट निघाला. पाहणीच्या बाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

"चेंडू वापरात आहे," बाई म्हणाल्या. साहेबांनी खूण केली.

चेंडूच्या मागोमाग ठमाबाई आल्या. मोकळे पांढरे केस, चेहरा घट्ट. कुणाकडे न पाहता त्या खिडकीशी गेल्या आणि गजांना बांधलेल्या पडद्यांच्या दोऱ्या सोडू लागल्या. पहिला पडदा साहेबांच्या अंगावर पडला. काही क्षण साहेब साखरपुड्यातल्यासारखे दिसले.

"ए म्हातारे—" डॉक्टर सकपाळ ओरडले. मग त्यांना आठवलं की पाहुणे आहेत. "आजी... काय करताय आपण?"

"गाठी सोडत्येय. सून अडलीय माझी."

"कुठली सून?" पाहणीच्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी राजनंदिनीकडे पाहिलं. तिला प्रत्येक प्रश्नाला मान हलवायला शिकवलं होतं. तिनं हलवली.

"पण हिच्या सासूबाई तर या ना?" बाईंनी प्रयागबाईंकडे बोट केलं.

"मी..." प्रयागबाई म्हणाल्या. "मी दुसरी."

"चुलत," डॉक्टर म्हणाले.

पाहणीच्या बाईंनी साहेबांच्या अंगावरचा पडदा बाजूला केला आणि टॅब बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. "अहो, हे तर एकतिसावं कलम! 'स्थानिक, निरुपद्रवी प्रथांचा आदर राखला जातो काय?' याला आजवर कुठल्याच रुग्णालयात पुरावा मिळाला नव्हता आम्हाला. डॉक्टर, तुम्ही हे करू देता?"

"देतो काय," डॉक्टर सकपाळ म्हणाले, "प्रोत्साहन देतो!"

"वा! आजी, मग अर्धवट नको. अजून काय सोडायचं असतं?"

"कुलपं," ठमाबाई म्हणाल्या.

"उघडा," बाई डॉक्टरांना म्हणाल्या.

"उघडा," डॉक्टर मोठ्या सिस्टरना म्हणाले. ते उत्साहात होते. कपड्यांच्या खोलीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्या सिस्टरनी औषधांचं कपाट उघडलं. त्यात मागच्या दिवाळीचे आकाशकंदील होते. मग रेकॉर्डचं कपाट उघडलं, आपली पर्स उघडली, फ्रीज उघडला, पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा उघडायला माणूस पाठवला. ठमाबाई त्यांच्या मागे मागे फिरत होत्या. शेवटी त्या कपड्यांच्या खोलीच्या दारापाशी उभ्या राहिल्या.

"ह्यो राहिला."

"ती स्टोअररूम आहे," मोठ्या सिस्टर पाहणीच्या बाईंना म्हणाल्या. "त्याची चावी हरवली आहे, मॅडम."

आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मग दबलेला, घुसमटलेला, पण ओळखू येईल असा एक शब्द.

"आये."

साहेबांनी टॅबवरून डोकं वर काढलं.

"स्टोअररूम बोलते?" साहेबांनी विचारलं. सकाळपासून त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

सलोनी पुढे झाली. तिनं मोठ्या सिस्टरच्या कमरेला हात घातला, जुडगा ओढून काढला आणि तिसऱ्या चावीला कुलूप उघडलं. मार्च तिला आठवत होता. तरी तिनं उघडलं.

सारिका खिडकीचे गज धरून उकिडवी बसली होती. खाली तिनं स्वतःच जुन्या चादरी ओढून घेतल्या होत्या. घामानं चिंब. आणि तोंडात पदराचा बोळा. आवाज करू नकोस असं तिला सांगितलं होतं, आणि मागच्या वेळी आवाज केल्यावर काय होतं ते तिला माहीत होतं.

ठमाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. त्यांनी पहिलं काम केलं ते तिच्या तोंडातला बोळा काढण्याचं.

"बोंबल गो सारके. मोठ्यानं बोंबल. सगळं सुटलंय आता. मी हाय."

सारिका ओरडली. त्या इमारतीत इतकं मोठ्यानं आणि इतक्या हक्कानं कुणी ओरडलं नसेल. प्रयागबाईंचा हात सवयीनं वर गेला, आणि ठमाबाईंनी नुसतं वर पाहिलं. हात खाली आला. पुढची सात मिनिटं सलोनीनं काय करायचं ते केलं आणि जे करायचं नाही ते केलं नाही. राजनंदिनी धावत आली, तिच्या गाऊनमधली उशी वाटेत पडली, ती कुणी उचलली नाही. तिनं टॉर्च धरला. तिला ते छान जमलं. शिकायलाच आली होती ती.

मुलगी झाली. लगेच रडली.

डॉक्टर सकपाळ दारात उभे होते. पाहणीच्या बाई त्यांच्याकडे वळल्या. आता इथं एखाद्या माणसाला लाज वाटली असती, पण डॉक्टर अधीक्षक होते.

"हा आमचा मुक्त प्रसूती कक्ष," ते म्हणाले. "नवीन संकल्पना आहे. खाट नाही. बाईला हव्या त्या स्थितीत बाळंत होता येतं."

"आणि कुलूप?"

"गोपनीयतेसाठी."

बाईंनी खोलीकडे पाहिलं, मोडक्या स्टँडकडे पाहिलं, जमिनीवर बसलेल्या दोघींकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण यादीत हव्या त्या स्थितीचं कलम होतं, सोबतिणीचं होतं, गोपनीयतेचं होतं, अनावश्यक हस्तक्षेप टाळण्याचं होतं. कुलपाचं नव्हतं. परत मुंबईला जायचं होतं आणि वाटेत जेवण सांगितलेलं होतं.

साहेबांनी चार खुणा केल्या.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. शंभरपैकी शहाण्णव. चार गुण पडदा पडल्याचे कापले होते. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाहणीदरम्यान उपस्थित दोन्ही मातांची प्रकृती उत्तम.' कपड्यांच्या खोलीवर 'मुक्त प्रसूती कक्ष' अशी पाटी लागली, आमदारांच्या हस्ते. डॉक्टर सकपाळांना या कल्पनेवर बोलायला अलिबागला बोलावलं, ते दोनदा बोलले. सलोनीची ऑर्डर मार्चमध्ये संपली. अनिल डेकोरेटर पडदे न्यायला आला तेव्हा एक कमी भरला. तो सारिकाच्या मुलीला गुंडाळून वाडीवर गेला होता. गुलाबी, सोनेरी झालरीचा. रुग्णालयातून गेलेली ती एकच वस्तू, जिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

राहिलं त्या दिवसाचं. पथक एक वाजून वीस मिनिटांनी गेलं. सारिकाला तोवर वॉर्डातली खाट मिळाली होती, बाळ छातीशी होतं, आणि ठमाबाई तिच्या उशाशी बसून तिच्या सुटलेल्या केसांचा पुन्हा अंबाडा बांधत होत्या. सारिकानं त्यांचा एक हात धरून ठेवला होता, त्यामुळे गाठ काही बसत नव्हती.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी प्रयागबाई आल्या. तीन दिवस दाबून ठेवलेला आवाज त्यांना परत सापडला होता.

"चला, बाहेर, बाहेर. गर्दी नको."

"मी सासू हाय तिची," ठमाबाई म्हणाल्या. "खरी."

"असाल. बाहेर."

भेटण्याची वेळ चार ते पाच होती.